नाण्यावरची खूण : टाकसाळीची की ठोकर लागल्याची?

गटाच्या बैठकीला आपण सगळ्या बसतो, पेटी उघडतो, बचतीचे पैसे मोजतो. नोटा नीट बघतो, उजेडात धरतो. नाणी मात्र मोजून पिशवीत टाकतो. आजच्या बोलण्यात आम्ही तुम्हाला तीच नाणी जरा जवळून बघायला सांगणार आहोत.

याला कारण आहे. हल्ली पुष्कळ जणींच्या मोबाईलवर एक जाहिरात येते. 'तुमच्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे का? लाखो रुपये मिळतील.' 'नाण्यावर चौकटीची खूण आहे का? लगेच फोटो पाठवा.' कधी नाण्यावर नुसता एक ओरखडा असतो आणि समोरचा म्हणतो, ताई, हे फार दुर्मीळ आहे. फोटो पाठवला की गोड बोलणं सुरू होतं आणि शेवटी पैसे जातात ते आपलेच. नाणं घरातच राहतं, बचत जाते. म्हणून टाकसाळीची खरी खूण कोणती, नाण्याला लागलेला साधा मार कोणता आणि या दोन्हींची खरी किंमत काय, हे आपलं आपल्याला कळलं पाहिजे. ते अवघड नाही. चांगला उजेड आणि शाळेतल्या मुलांकडचं भिंग, एवढंच लागतं.

खूण कशासाठी असते?

आपल्या देशात सरकारी नाणी चार ठिकाणी पाडली जातात : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची टाकसाळ सगळ्यांत जुन्यांपैकी एक. तिची इमारत १८२९ मध्ये बांधून पूर्ण झाली आणि ती फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेसमोर आजही उभी आहे. हैदराबादची टाकसाळ निजामाच्या काळातली. तिचं काम १९९७ पासून चेर्लापल्ली इथल्या नव्या जागेत चालतं. कोलकात्याची आत्ताची टाकसाळ अलीपूरला १९५२ मध्ये सुरू झाली आणि नोएडाची १९८८ मध्ये.

कोणतं नाणं कुठं पाडलं ते कळावं म्हणून त्यावर बारीक खूण असते. बहुतेक नाण्यांवर ती वर्षाच्या आकड्याखाली सापडते. खुणा अशा आहेत :

मुंबई – पत्त्यांत चौकट असते ना, तशी बारकी चौकट.
हैदराबाद – पाच टोकांची चांदणी.
नोएडा – गोल ठिपका.
कोलकाता – कोणतीच खूण नाही.

शेवटची गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वर्षाखाली काहीच नाही म्हणजे काहीतरी राहून गेलं असं नाही. ते कोलकात्याचं नाणं, एवढाच त्याचा अर्थ.

याशिवाय काही वेगळ्या खुणाही खऱ्या आहेत. हैदराबादच्या काही जुन्या नाण्यांवर चांदणीऐवजी चौकट आणि तिच्या मधोमध ठिपका दिसतो. संग्राहकांसाठी मुंबईत खास चकाकीची नाणी पाडली जातात, त्यांवर इंग्रजी 'बी' किंवा 'एम' अक्षर असतं. देशात नाण्यांची टंचाई होती तेव्हा सरकारनं परदेशातल्या टाकसाळींतूनही नाणी पाडून आणली. १९८५ च्या काही एक रुपयाच्या नाण्यांवर इंग्रजी 'एच' दिसतो, तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचा. थोडक्यात, अनोळखी खूण दिसली की ती खोटीच असं नाही. पण ती खरी असेल तर तिला काही कसोट्या लागू पडल्याच पाहिजेत.

आधी नाणं कसं तयार होतं ते बघू

पेढ्यावर ठसा उमटवतात ते तुम्ही पाहिलं असेल. ठशात फूल खोल कोरलेलं असतं, म्हणून पेढ्यावर ते वर उठून येतं. नाण्याचंही तसंच असतं. धातूची साधी गोल चकती दोन पोलादी ठशांच्या मध्ये ठेवतात. भोवती कडं असतं. यंत्राचा प्रचंड दाब पडला की दोन्ही बाजूंचं चित्र एकाच क्षणी उमटतं. आपण ज्याला छापा आणि काटा म्हणतो, त्या दोन्ही बाजू अशा एकाच दाबात तयार होतात.

यातून तीन गोष्टी निघतात. बाकी सगळी परीक्षा या तिन्हींवर उभी आहे.

पहिली. टाकसाळीची खूण ठशात खोल कोरलेली असते, त्यामुळे स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर ती वर उठलेली असते. खड्ड्यासारखी आत गेलेली नसते.

दुसरी. त्या ठशातून निघालेल्या हजारो नाण्यांवर ती तशीच, त्याच जागी येते. मार लागतो तो मात्र एकेका नाण्याला. पेढ्यावर बाळानं नख लावलं तर तो ओरखडा त्या एकाच पेढ्यावर राहतो, शेजारच्या पेढ्यावर जात नाही.

तिसरी. खूण आणि वर्षाचा आकडा एकाच दाबात उमटतात, म्हणून दोन्हींची झीजही सारखीच असते. आकडे झिजून सपाट झाले असतील आणि खूण मात्र धारदार, नवीकोरी दिसत असेल, तर ती नंतर कोणीतरी लावलेली आहे असं समजा.

हातात घेऊन कशी बघायची?

नाणं कडेनं धरा, बोटं चित्रावर ठेवू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात ते हळूहळू फिरवा. डोक्यावरच्या उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली सगळं सपाट दिसतं. तिरक्या उजेडात मात्र वर उठलेल्या भागाची सावली एका बाजूला पडते आणि खड्ड्याची सावली त्याच्या आतच पडते. शेणानं सारवलेल्या अंगणातली बारीक खोलगट जागा संध्याकाळी जशी लगेच दिसते, तसंच हे.

मग पुढचे प्रश्न एकामागून एक विचारा.

खूण उठलेली आहे की आत गेलेली? आत गेलेली असेल तर ती मार, ओरखडा किंवा गंजाचा खड्डा. ओरखड्याची आणखी एक ओळख आहे. नांगराच्या तासाच्या दोन्ही बाजूंना जशी माती वर येते, तसा ओरखड्याच्या कडेला धातू सरकून बारीक बांध तयार होतो. ठशातून आलेल्या रेषेला असा बांध नसतो.

जागा बरोबर आहे का? वर्षाच्या शेजारी किंवा खाली असायला हवी. सिंहाच्या डोक्यावर किंवा नाण्याच्या काठाला ठिपका असेल तर तो नोएडाचा नाही.

आकार नीट आहे का? चौकटीचे चारही कोपरे, चांदणीची पाचही टोकं, ठिपक्याची गोलाई. घाव पडून झालेला आकार वेडावाकडा असतो, एका बाजूला जास्त खोल आणि दुसरीकडे उथळ.

मागची बाजू काय सांगते? कोणी खिळा ठेवून ठोकलं असेल तर नेमक्या त्याच जागी मागचं चित्र चेपलेलं किंवा फुगलेलं दिसतं. टाकसाळीच्या खुणेमुळे मागच्या बाजूला असं काही होत नाही.

जोडीचं नाणं काय सांगतं? ही सगळ्यांत पक्की कसोटी. त्याच किमतीचं, त्याच वर्षाचं, त्याच टाकसाळीचं दुसरं नाणं शोधा आणि शेजारी ठेवा. गटाच्या पेटीत ते बहुतेक सापडतंच. दोन्हींवर खूण सारखी असेल तर ती टाकसाळीची. एकावरच असेल तर आणखी विचार करावा लागेल.

फसवणारी सात दुखणी

आपल्या घरातल्या नाण्यांना कायकाय होतं ते बघू, म्हणजे ओळख पक्की होईल.

एक, मळ. देव्हाऱ्यातल्या नाण्यावर हळद, कुंकू, तेल साचतं आणि वाळून त्याचा ठिपका बनतो. नाणं साध्या पाण्यात भिजत ठेवा आणि मऊ सुती कापडानं नुसतं टिपून घ्या. ठिपका निघाला तर तो मळच होता.

दोन, डाख. पूर्वी चांदीच्या रुपयांना कडी लावून माळ करत. पुढं कडी काढली तरी डाखाचा थेंब नाण्यावर राहतो. तो वर उठलेला असतो, त्यामुळे हमखास फसगत होते. पण त्याचा रंग वेगळा असतो आणि तो चित्राच्या वर बसलेला दिसतो.

तीन, गंज. नदीत, विहिरीत किंवा ओलसर भिंतीत राहिलेल्या नाण्यावर बारीक खड्डे पडतात. ते एकटे नसतात, आजूबाजूला त्यांचे भाऊबंद असतातच.

चार, मऊ धातू. जुनी एक, दोन, तीन, पाच, दहा पैशांची कितीतरी नाणी अ‍ॅल्युमिनियमची होती. ती नखाएवढ्या घावानंही चेपतात. अशा नाण्यावरच्या रेघांना फारसा अर्थ नसतो.

पाच, झीज. चांदणी झिजली की तिची टोकं जातात आणि ती ठिपक्यासारखी दिसते. मग हैदराबादचं नाणं नोएडाचं वाटतं. अशा वेळी आकडेही तितकेच झिजलेत का ते बघा.

सहा, ठशाचं दुखणं. हे जरा नीट समजून घ्या. काम करून करून पोलादी ठशालाही तडा जातो किंवा त्याचा कपचा उडतो. मोदकाच्या साच्याचा टवका उडाला की पुढच्या प्रत्येक मोदकावर तिथं टेंगूळ येतं. नाण्यावरही तसाच उठलेला ठिपका किंवा रेघ येते. ती टाकसाळीतच आलेली असते, पण टाकसाळीची खूण नसते. असा ठिपका पूर्ण गोल नसतो आणि बहुतेक वेळा आकड्याला किंवा अक्षराला चिकटलेला असतो. उलटही होतं. ठशाच्या खाचेत तेल आणि धूळ अडकली की खूण अर्धवट उमटते किंवा उमटतच नाही. मग मुंबईचं नाणं कोलकात्याचं वाटतं. तेव्हा खुणेच्या जवळचे आकडेही पुसट आहेत का ते तपासा.

सात, मुद्दाम केलेला खोटेपणा. खूण कानशीनं घासून काढतात, वरून चिकटवतात किंवा दुर्मीळ वर्ष दिसावं म्हणून आकडा कोरून बदलतात. राजा सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया फार दुर्मीळ आहे. अशा नाण्याच्या बाबतीत तर दहादा तपासावं. घासलेल्या जागी जमीन जास्त गुळगुळीत दिसते किंवा एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. चिकटवलेल्या खुणेच्या मुळाशी भिंगातून फट दिसते.

आणि एक कळकळीचं सांगणं. जुनं नाणं चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासायच्या पावडरीनं चकचकीत करू नका. घासलं की वरचा थर जातो, खरी खूण झिजते आणि ओळखायचा पुरावाच निघून जातो. नाणं खरोखर मोलाचं असेल तर घासल्यानं त्याची किंमत उतरते. काळवंडलेलं नाणं काळवंडलेलंच बरं.

खरी खूण म्हणजे मोठी किंमत का?

नाही. हे आम्ही पुन्हा सांगतो, नाही. चौकट, चांदणी, ठिपका या खुणा असलेली नाणी कोट्यवधींच्या संख्येनं पाडली जातात. खूण म्हणजे नाण्याचा जन्मदाखला, बक्षिसाची चिठ्ठी नव्हे. एखाद्या टाकसाळीनं एखाद्या वर्षी एखादं नाणं फार थोडं पाडलं असेल, ते चांगल्या अवस्थेत टिकलं असेल आणि ते हवं असणारे लोक असतील, तरच किंमत वाढते. या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ मध्ये श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या २५ वर्षांनिमित्त निघालं. पाच आणि दहा रुपयांची ती नाणी रोजच्या व्यवहारासाठीच होती. हातोहात फिरलेल्या नाण्याला कोणी लाखो रुपये देत नाही.

मग लाखांची भाषा करणारा काय करतो? आधी नोंदणीचे पाचशे रुपये मागतो. मग जीएसटीचे दोन हजार. मग 'रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र' म्हणून आणखी. कधी पैसे पाठवतो असं सांगून क्यूआर कोड धाडतो आणि पिन टाकायला लावतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना जाहीर सावध केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसं मागायचा अधिकारही कोणाला दिलेला नाही. आपण एवढं सूत्र पाठ करू : वस्तू आपली, तर पैसे येणार आपल्याकडे. आधी पैसे भरायला सांगणारा गिऱ्हाईक नसतो. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

कोणी फसलं असेल तर लाजून घरात गप्प बसू देऊ नका. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. फसवणाऱ्याचा नंबर आणि त्याचे संदेश पुसून टाकू नका.

चलनातल्या नाण्याबद्दल थोडं

खुणांच्या गोंधळाचा दुसरा तोटा बाजारात होतो. दहाच्या नाण्यावर ₹ चिन्ह नाही, दहाऐवजी पंधरा रेघा आहेत, म्हणून ते खोटं, असं म्हणून दुकानदार किंवा रिक्षावाला नाणं परत करतो. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की दहा रुपयांची तेव्हापर्यंत निघालेली चौदाही प्रकारची नाणी चलनात आहेत. चित्र वेगळं, रेघा वेगळ्या, खूण वेगळी म्हणून नाणं खोटं ठरत नाही. भाजी विकणाऱ्या, चहाची टपरी चालवणाऱ्या आपल्या मैत्रिणींचे कष्टाचे पैसे या अफवेमुळे डब्यात पडून राहतात. ती नाणी बँकेत भरा. एक आणि दोन रुपयांची नाणी शंभर-शंभरच्या पिशव्या करून नेलीत तर मोजणं सोपं जातं. पन्नास पैशांचं नाणंही कायद्यानं अजून चालतं. २५ पैसे आणि त्याखालची नाणी मात्र जून २०११ अखेर बंद झाली.

वापरून साधी झीज झालेलं नाणं घाबरून टाकू नका. पण मुद्दाम कापलेलं, विद्रूप केलेलं नाणं २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे चलन म्हणून चालत नाही. नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं हा तर गुन्हा आहे.

शेतात नांगरताना किंवा जुनं घर पाडताना जमिनीतून नाण्यांचा साठा निघाला, तर तो गुपचूप विकू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तहसील कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या.

आणि एखादं नाणं सगळ्या कसोट्यांना उतरलं, तरी घाई करू नका. दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढा, नाणं कागदाच्या पाकिटात ठेवा आणि किमान दोन जाणकारांना दाखवा. नाणं आपल्या डोळ्यांसमोरून हलू देऊ नका. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राचा अभ्यास करणारी संस्था आहे आणि तिथं नाण्यांचं संग्रहालयही आहे. मुलांची सहल त्या बाजूला गेली तर जरूर दाखवा.

आता पुढच्या बैठकीसाठी एक काम. पैसे मोजून झाले की पेटीतली नाणी सतरंजीवर ओता आणि चार ढीग करा : चौकट, चांदणी, ठिपका आणि बिनखुणेची. जी कुठंच बसणार नाहीत, ती बाजूला काढा आणि सगळ्या मिळून कसोट्या लावा : उठलेली की आत गेलेली, जागा कोणती, आकार कसा, मागं काय, जोडीचं नाणं काय म्हणतं. ज्यांच्या डोळ्यांना बारीक दिसत नाही त्या आजींनी मोजावं, शाळेतल्या मुलींनी भिंग धरावं. अर्ध्या तासात गटातली प्रत्येक जण पारखी होईल. मग मोबाईलवर लाखांची जाहिरात आली की तिला उत्तर द्यायला बाहेरच्या कोणाची गरज पडणार नाही.